इंडिका, व्हर्जन वन आणि व्हर्जन टू

गेले तीन शनिवार मी गाडी घेतोय. म्हणजे घेतली नाहीये अजून, घेतोय. पहिल्या शनिवारी एक्सेल शीट उघडलं. दुसऱ्या शनिवारी त्यात चौदा कॉलम झाले. तिसऱ्या शनिवारी प्रत्येक कॉलमला वेटेज देऊन बेरीज मारणारा फॉर्म्युला लिहिला. मायलेज, एअरबॅग, बूट स्पेस, टचस्क्रीन किती इंची, सनरूफ आहे की नाही... फॉर्म्युला दर वेळी वेगळीच गाडी पहिली आणायचा, कारण आवडती गाडी खाली गेली की मी गुपचूप वेटेज बदलायचो. (ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने असला प्रकार केला असता तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.)

बाबा मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या वेळेला एकच कॉलम होता. मिळते का?"

आणि चहाचा कप उचलून निघून गेले. झालं! तो शनिवार गाडी निवडण्याऐवजी गाड्यांचा इतिहास वाचण्यात गेला. त्यातून जे हाताला लागलं ते इथे मांडतोय. गाडी घ्यायला निघालेल्या माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडलं तर उत्तमच.

तर बाबांच्या त्या एका कॉलमपासून सुरुवात करू. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला आपल्याकडे परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाड्या जुळवायच्या. जनरल मोटर्सचा असा कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं, नुसती जुळवाजुळव नको. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, म्हणजे अँबॅसडर. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे फियाट. आणि मद्रासला स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं मेनूकार्ड एवढंच!

फियाट ११०० डी हे इटलीतलं १९६२ चं मॉडेल. तिकडे चार वर्षांत त्याच्या जागी पुढचं मॉडेल आलं. आपल्याकडे तीच गाडी १९६४ पासून बनायला लागली, पुढे तिचं बारसं 'प्रीमियर पद्मिनी' असं झालं, आणि किरकोळ फेरफार सोडले तर ती शतक संपेपर्यंत बनत राहिली. गाडीची किंमतसुद्धा सरकारी नियंत्रणात होती. गाडीची रास्त किंमत किती, हा वाद १९७१ मध्ये थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला होता. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं आणि नंबर लागला की मिळेल ती गाडी, बहुतेक वेळा मिळेल त्या रंगात, घरी आणायची.

आता विचार करा, इतकं थांबून आलेली गाडी 'अपेक्षेला उतरली का' असं कोण विचारणार? देवळात रांग लावून मिळालेल्या प्रसादाला कुणी मीठ कमी म्हणत नाही. पद्मिनी वाईट होती असं नाही हां. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती अर्धं आयुष्य रेटली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण ती 'निवडलेली' गाडी नव्हती. ती लाभलेली गाडी होती.

दुसरा कॉलम आला तो मारुतीमुळे. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. गाडी रस्त्यावर येण्याआधीच दहा दहा हजार रुपये भरून सव्वा लाखाच्या वर लोकांनी बुकिंग केलं होतं. म्हणजे रांग संपली नव्हतीच, फक्त दुसऱ्या खिडकीवर गेली होती. पण एक फरक पडला. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, बॉनेट उघडायला लागत नाही, हे मध्यमवर्गाला पहिल्यांदाच समजलं. 'गाडी बिनबोभाट चालली पाहिजे' ही अपेक्षा आज आपल्याला इतकी मूलभूत वाटते की आपण तिला कॉलमसुद्धा देत नाही. ती १९८३ नंतरची आहे, राव!

आणि मग आली माझ्या आवडीची गोष्ट. टेल्कोची इंडिका. (आवडीची कशाला? एक तर मी चिंचवडचा. दुसरं कारण पुढे येईल.)

टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. मुळात ट्रकवाली कंपनी. पिंपरी-चिंचवडचा अवाढव्य कारखाना सुमंत मुळगावकरांनी उभा केला. टाटा सुमोमधलं 'सु' आणि 'मो' हे त्यांच्याच नावातलं. नव्वदच्या दशकात सिएरा, इस्टेट, सुमो अशा गाड्या आल्या, पण त्या सगळ्या पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. छोटी कार शून्यापासून बनवणं हे पूर्णपणे वेगळं काम. ते करायचं रतन टाटांनी ठरवलं. आणि त्यांनी जी रिक्वायरमेंट दिली ती मला आजवर वाचलेल्या सगळ्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटांत सर्वांत सुंदर वाटते. बाहेरून मारुती झेनएवढी. आतून अँबॅसडरएवढी. किंमत मारुती ८०० च्या आसपास. आणि चालायची डिझेलवर.

बघा, यात एकही आकडा नाही. पण त्या काळातल्या कुठल्याही भारतीय माणसाला एका दमात कळेल असं चित्र आहे. तुमच्या बोळात मावेल, आजी-आजोबांसकट सगळे बसतील, परवडेल, आणि डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्या भावाच्या आसपास होतं त्यामुळे चालवणंही परवडेल. प्रत्येक ओळीमागे एक खरा माणूस उभा आहे.

प्रकल्पाचा खर्च सुमारे १,७०० कोटी. बाहेरचं रूप इटलीत तुरिनच्या 'आयडिया' या संस्थेबरोबर ठरवलं, इंजिन आणि गिअरबॉक्स पुण्यात. उत्पादनासाठी नवी कोरी यंत्रसामग्री घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ऑस्ट्रेलियात निस्सानचा बंद पडलेला कारखाना नव्यापेक्षा कितीतरी कमी किमतीत विकत घेतला, नटबोल्टसकट सोडवला, बोटींवर चढवला आणि पिंपरीत आणून पुन्हा उभा केला. लेगसी सिस्टिम मायग्रेट करताना आपण किती रडतो ते आठवा आणि मनातल्या मनात त्या लोकांना नमस्कार करा.

जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली आणि ३० डिसेंबर १९९८ ला बाजारात आणली. सर्वांत स्वस्त मॉडेल २ लाख ५९ हजारांना. जाहिरातीत दावा होता, 'मोअर कार पर कार'. मारुतीने त्याच महिन्यात ८०० ची किंमत झटकन उतरवली, यावरून काय ते समजा. थोड्याच दिवसांत १ लाख १५ हजार बुकिंग. तीही पैसे भरून!

आमचे बाबा तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपच्या टूलरूममध्ये होते. मी जेमतेम दोन वर्षांचा. त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. त्या जानेवारीत भोसरीत दुसरा विषयच नव्हता. ज्याच्याकडे सायकल होती तोसुद्धा इंडिकाच्या दरवाज्याच्या गॅपवर मत द्यायचा. कुणाच्या प्रेसवर कुठला भाग निघतो, कुणाला कुठली ऑर्डर मिळाली... आपल्या गावची गाडी! बाबांनी फॉर्म आणला, भरला, आणि दोन दिवस कपाटात ठेवून परत काढून फाडला. पैशाची अडचण होतीच. पण त्यांचं म्हणणं साधं होतं, "पहिल्या लॉटचं काही घेऊ नये. डाय बसायला वेळ लागतो."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. नंतर नोकरीला लागलो, पहिलं प्रॉडक्शन रिलीज केलं, रात्री अडीचला फोन आला, आणि मग हसू थांबलं.

कारण इंडिकाचं नेमकं तेच झालं. पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज, थरथर, जोडणीतले बारीकसारीक दोष. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी लावून 'मोअर कार' घेतली होती त्यांना हे फार लागलं. हीच माणसं पद्मिनीत मात्र विनातक्रार फिरली होती, हे लक्षात घ्या. आता बाजारात सँट्रो होती, माटिझ होती, मारुती तर होतीच. तुलना करायला दुसरं काही मिळालं की सहनशक्ती एका रात्रीत संपते. आणि ते योग्यच आहे. कंपनीचं कंबरडं मात्र मोडायची वेळ आली. २०००-०१ या वर्षात टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. ट्रकची मंदीही त्यात होती, पण लोकांच्या तोंडी नाव इंडिकाचंच.

इथे तुम्हाला तो किस्सा आठवला असेल. १९९९ मध्ये हा कार विभाग विकायला रतन टाटा आणि सहकारी डेट्रॉईटला फोर्डकडे गेले, 'येत नव्हतं तर या धंद्यात पडलात कशाला' अशा अर्थाचं ऐकून परतले, आणि २००८ मध्ये त्याच फोर्डकडून टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली. त्या भेटीला हजर असलेल्या प्रवीण काडले यांनी हे २०१५ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितलं आणि तेव्हापासून ते प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दर दिवाळीला येतं.

माझी त्या फॉरवर्डबद्दल एकच तक्रार आहे. ते १९९९ वरून थेट २००८ वर उडी मारतं. जणू अपमान झाला आणि नऊ वर्षांनी सूड घेतला, मधे नुसती धीरगंभीर पार्श्वसंगीताची लकेर. खरी गोष्ट त्या मधल्या जागेत आहे. १९९९ ते २००१! त्या काळात कंपनीने गावोगावी ग्राहकांचे मेळावे घेतले, गाड्या परत बोलावून तपासल्या, सदोष भाग स्वतःच्या खर्चाने बदलून दिले, आणि कुठला दोष किती गाड्यांत येतो ते बघत इंजिनिअरांनी एकेक गोष्ट दुरुस्त करत आणली. थोडक्यात, बग ट्रॅकर! कुणी जिद्दीचं भाषण ठोकून गाडीची थरथर थांबवली नाही. कुणीतरी बसून ती मोजली, कुठून येते ते शोधलं आणि तो भाग बदलला.

२००१ मध्ये 'इंडिका व्ही-टू' आली. मला त्या नावाचं फार कौतुक वाटतं. 'न्यू', 'सुप्रीम', 'रॉयल' असलं काही नाही. सरळ व्हर्जन टू. म्हणजे व्हर्जन वनमध्ये गडबड होती, हे गाडीच्या पाठीवर स्टिकर लावून कबूल केलं. आणि लोकांनी ती घेतली. भरपूर घेतली.

आमच्याही बाबांनी घेतली. २००३ मध्ये, पांढरी, डिझेल. 'आता डाय बसली', म्हणाले. त्या गाडीने आम्हाला तुळजापूर, गणपतीपुळे, काकाच्या लग्नाला नाशिक, सगळं दाखवलं. मागच्या सीटवर आजी, आत्या आणि आम्ही तीन पोरं. अँबॅसडरएवढी जागा असते की नाही हे आम्ही मोजून बघितलं नाही, पण पाच जण मागे मावत होतो (आज असं करू नका). बाबांची अपेक्षा माफक होती आणि गाडीने ती पंधरा वर्षं पुरी केली.

पण इतिहासाची गंमत पुढेच आहे. इंडिका ज्याच्यासाठी बनवली तो होता 'कुटुंबवत्सल मध्यमवर्गीय'. तिला खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतलं ते टॅक्सीवाल्यांनी. २००० नंतर पुणे, बंगळुरू, गुडगाव अशा शहरांत कॉल सेंटरं आणि आयटी कंपन्या वाढल्या, रात्रपाळीला माणसं न्यायला-आणायला हजारो गाड्या लागल्या. चार जण ऐसपैस बसतील, डिझेलवर चालेल, गल्लीबोळात शिरेल, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करेल अशी गाडी कुठली? रिक्वायरमेंट परत वाचा. शब्द न शब्द तोच! फक्त ती रिक्वायरमेंट कुटुंबापेक्षा कॅब-मालकाच्या हिशेबात जास्त चपखल बसली. हिंजवडीत वाढलेल्या अख्ख्या आयटी पिढीने पहाटे चारला इंडिकाच्या काचेला डोकं टेकून झोप काढली आहे. आणि एकदा पांढरी इंडिका म्हणजे टॅक्सी असं समीकरण झालं की घरगुती गिऱ्हाईक हळूहळू सटकलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं.

मग ती अपेक्षेला उतरली की नाही? कुणाच्या, ते आधी सांगा.

हे किती खरंय याचा एक अस्सल प्रयोग इंग्लंडात झाला. २००३ मध्ये एमजी रोव्हर कंपनीने पुण्यात बनलेली इंडिका थोडे बदल करून 'सिटीरोव्हर' नावाने तिकडे विकायला काढली. सुरुवातीची किंमत साडेसहा हजार पौंडांच्या आसपास. गाडी तीच, पुण्याचीच. पण तिकडच्या गिऱ्हाइकासमोर त्याच पैशांत युरोपातल्या तयारीच्या गाड्या उभ्या होत्या. समीक्षकांनी तिला धुऊन काढलं, विक्री झाली नाही, आणि २००५ मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली. त्याच वर्षी इकडे तीच गाडी दिवसरात्र पळत होती.

नॅनोचं तर सर्वांना माहीतच आहे, म्हणून थोडक्यात. पावसात स्कूटरवर चाललेलं चौकोनी कुटुंब बघून सुचलेली गाडी. १० जानेवारी २००८ ला दाखवली, सिंगूरचं आंदोलन होऊन कारखाना साणंदला गेला, मार्च २००९ मध्ये विक्रीला आली, बुकिंग दोन लाखांच्या वर गेलं. त्या एवढ्याशा गाडीतलं इंजिनिअरिंग खरंच अचाट आहे. पण 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला भोवला, हे पुढे स्वतः रतन टाटांनीच मान्य केलं. इंडिकाच्या रिक्वायरमेंटमध्ये झेन होती, अँबॅसडर होती, म्हणजे लोकांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या गोष्टी होत्या. नॅनोच्या गोष्टीत स्कूटर होती. आणि स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाला आपण स्कूटरवरून उतरलोय हे शेजाऱ्यांना सांगणारी गाडी नको असते. त्याला सेकंडहँड मारुती चालते.

आता २०१४ नंतरचा एक कॉलम तेवढा सांगतो, कारण तो मला पटतो. त्या वर्षी ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आपटून बघितल्या. नॅनो धरून पाचही शून्य स्टार. चार वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, टाटांच्याच नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. भारतात बनून इथेच विकल्या जाणाऱ्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. अपेक्षा अशा बदलतात. १९७० मध्ये 'मिळाली पाहिजे', १९८३ मध्ये 'चालली पाहिजे', १९९८ मध्ये 'परवडून सगळे मावले पाहिजेत', आणि आता 'आपटली तर माणूस वाचला पाहिजे'. यातली एकही अपेक्षा चैनीची नाही.

असो. तर हे सगळं वाचून मी रविवारी पुन्हा एक्सेल उघडलं आणि स्वतःलाच विचारलं, माझ्या चौदा कॉलमांमागे माणूस कोण आहे? ऑफिसला मी कंपनीच्या बसने जातो. बायको मेट्रोने. गाडी लागणार आठवड्यातून दोन-तीनदा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा आईसाठी. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. कॅबमध्ये चढताना ती आधी दार धरते, मग एक पाय आत, मग "थांब रे जरा" म्हणून श्वास घेते. हे मी वर्षभर बघतोय. आणि माझ्या शीटमध्ये सनरूफला कॉलम होता, सीट जमिनीपासून किती उंच आहे याला नव्हता!

काल शोरूममध्ये मेजरिंग टेप घेऊन गेलो. आईलाही नेलं. सेल्समन मुलगा बिचारा वेंटिलेटेड सीट दाखवत होता आणि बाबा वाकून जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर मोजत होते. यादीत पहिली असलेली उंच एसयूव्ही आईने दोनदा प्रयत्न करून सोडून दिली. चौथ्या नंबरच्या, सनरूफ नसलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये ती आधी बसली, मग पाय आत घेतले, आणि पर्स मांडीवर ठेवून म्हणाली, "आपल्या पांढऱ्या गाडीसारखं वाटतंय."

क्रॅश टेस्टचे स्टार तेवढे तपासले. चांगले आहेत. बाबांना विचारलं, "काय करू? बुक करू?"

"मॉडेल कधीचं आहे?"

"दोन वर्षं झाली येऊन."

"मग हरकत नाही. डाय बसली असेल."